खंड्याला विमानातून दिल्लीला न्यायचंय

पत्र

आम्ही दोघं मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. आमचा खंड्या गावठी कुत्रा आहे. वय सहा, वजन एकोणीस किलो. आजवर बांधून ठेवलेला नाही. दिवसभर वाडीत हुंदडतो आणि रात्री ओटीवर झोपतो. लेक गुरुग्रामला असते. तिला बाळ झालंय, म्हणून दिवाळीनंतर आम्ही निदान दोन वर्षांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. खंड्याला टाकून जायला माझं मन घेत नाही. शेजारी म्हणतात, "विमानात कुत्रो वाचूचो नाय." एक ओळखीचे म्हणाले, झोपेची गोळी द्या, त्याला कळणारही नाही. यजमानांचं म्हणणं, त्याला इथेच राखणीला असलेल्या गड्याकडे ठेवू, तो या मातीतला आहे. काय करू? कागदपत्रं कोणती लागतात?

उत्तर

ताई, खंड्याला नेता येईल, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं की न्यावंच. चतुर्थीच्या आधीच विचारलंत हे फार बरं झालं, कारण हाताशी तीन महिने आहेत आणि ते सगळे लागणार आहेत. तिकीट, दाखले ही कामं थोड्या दिवसांत उरकतात. जो कुत्रा कधी साखळीला बांधला नाही, त्याला बंद पिंजऱ्यात निवांत बसायला शिकवायला मात्र आठवडेच्या आठवडे जातात. शिवाय गोव्याहून दिल्लीचं उड्डाण अडीच-पावणेतीन तासांचं असलं तरी तुमच्या खळ्यातून निघून लेकीच्या दारात पोचेपर्यंत खंड्याचे नऊ-दहा तास मोडणार. जनावराचे हाल होतात ते बहुतेक या बाकीच्या तासांत, म्हणजे तापलेल्या गाडीत, काउंटरच्या रांगेत, धावपट्टीजवळच्या उन्हात. तयारी करायची ती या तासांची.

आधी यजमानांचा मुद्दा, कारण तो खरा ठरला तर पुढचं काही करायलाच नको. त्यांचं म्हणणं मी हलकं घेणार नाही. उघड्या वाडीत वाढलेल्या कुत्र्याला आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेणं ही लहान गोष्ट नव्हे. खंड्या बारा-तेरा वर्षांचा असता, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असता, किंवा तुम्ही दोन-तीन महिन्यांत परतणार असता, तर मीच म्हटलं असतं की त्याला इथे ठेवा. पण सहा वर्षांच्या धडधाकट कुत्र्यापुढे अजून निम्मं आयुष्य आहे. कुत्रा जागेला धरून असतो त्याहून जास्त माणसांना धरून असतो. घरची माणसं अचानक नाहीशी झाली की असे कुत्रे खाणं टाकतात, एसटीच्या थांब्यापर्यंत शोधत जातात आणि हायवेवर गाडीखाली येतात. गडी कितीही चांगला असला तरी तो संध्याकाळी आपल्या घरी जाणार. म्हणून न्या. अट एकच, आणि ती यजमानांसाठी आहे: तिथे सकाळ-संध्याकाळ त्याला पट्ट्याने बांधून अर्धा-पाऊण तास फिरवायचं काम त्यांनी अंगावर घ्यायचं. तुम्ही बाळात गुंतलेल्या असाल. त्यांचा होकार आला तरच पुढचं वाचा.

आता शेजाऱ्यांच्या बोलण्याविषयी. विमानात कुत्रे मरतच नाहीत असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत विमान कंपन्यांना प्रवासात दगावलेल्या प्राण्यांची माहिती सरकारला द्यावी लागते. २०१७ साली तिथे पाच लाखांहून जास्त प्राण्यांनी प्रवास केला आणि त्यातले २४ दगावले. तिथल्याच नोंदींप्रमाणे मे २००५ पासूनच्या पाच वर्षांत १२२ कुत्रे दगावले, त्यातले जवळजवळ निम्मे चपट्या नाकाचे होते. खंड्याचं नाक चांगलं लांब आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि लांब नाकाच्या कुत्र्याला हे सहज जमतं.

एकोणीस किलोचा कुत्रा तुमच्या पायाशी बसून जाऊ शकत नाही, तो विमानाच्या पोटातच जाणार. 'पोटात' म्हटलं की डोळ्यांपुढे अंधारं, गोठलेलं, हवा नसलेलं भुयार येतं. तसं ते नाही. प्राणी ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांच्या जागेइतकाच असतो आणि तापमानही सांभाळलं जातं. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी तशी असते, म्हणजे साधारण उटीला गेल्यासारखं. निरोगी कुत्र्याला ते झेपतं. पोटात जिवंत जनावर आहे याची लेखी सूचना उड्डाणाआधी वैमानिकाला दिली जाते. तरीही आत शिरल्यावर हवाई सेविकेला सांगा, "आमचा कुत्रा खाली आहे, कॅप्टनना एकदा विचाराल का?" त्यात संकोच नको.

झोपेची गोळी अजिबात देऊ नका. तुमच्या ओळखीच्यांनी भलेपणानेच सांगितलं असेल, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो आणि अंगाचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते. उंचीवर विरळ हवेत यातली एकेक गोष्ट जास्त बाधते. गुंगीतल्या कुत्र्याला विमान कललं की पायांवर सावरता येत नाही, तोल जाऊन तो पिंजऱ्यावर आदळतो. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि खाली पोटात त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. विमान कंपन्याही गुंगीतलं जनावर चढवून घेत नाहीत. माणसांची झोपेची गोळी 'अर्धी मोडून' देणं तर त्याहून वाईट. गाडीत उलट्या होत असतील किंवा फटाक्यांनी तो अगदीच सैरभैर होत असेल, तर पशुवैद्यकांना तसं सांगा. मळमळ थांबवणारी, गुंगी न आणणारी औषधं असतात. तीही आधी घरी एकदा देऊन पाहायची. प्रवासाच्या दिवशी कुठलंच औषध पहिल्यांदा द्यायचं नाही.

आता पिंजरा. शिंप्याची टेप घ्या आणि खंड्याला सरळ उभा करून चार मापं लिहून काढा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची. खांद्यांशी, जिथे तो सर्वांत रुंद आहे तिथे रुंदी. आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची. कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत. पहिल्या मापात दुसऱ्याचं निम्मं मिळवलं की पिंजऱ्याची आतली लांबी येते. तिसऱ्याची दुप्पट ही रुंदी. चौथ्यात अंथरुणाची जाडी मिळवली की उंची. समजा नाक ते शेपूट ७५ सेंटिमीटर, कोपर ३०, रुंदी १८ आणि कानापर्यंत ६२ भरलं, तर पिंजरा आतून निदान ९० लांब, ३६ रुंद आणि ६५ उंच हवा. बाजारात ३६ इंची म्हणून मिळतो तो साधारण या बेताचा असतो, पण दुकानदाराच्या शब्दावर न जाता आतून मोजून घ्या. हा हिशेब 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांतला आहे आणि काउंटरवर याच नजरेने पिंजरा बघतात: कुत्रा आत डोकं न टेकता उभा राहतो का, वळतो का, पाय पसरून निजतो का.

पिंजरा जाड प्लास्टिकचा, लोखंडी जाळीच्या दाराचा आणि बाजूंना हवा खेळायला भोकं असलेला घ्या. वरचा आणि खालचा भाग नुसत्या प्लास्टिकच्या चापांनी जोडलेला असेल तर तिथे नट-बोल्ट बसवून घ्या. उचलताना असे चाप निसटतात. घडीचा तारेचा पिंजरा घरात ठीक, विमानात नाही. चाकं असतील तर काढून ठेवा.

पिंजरा घरी आला की लगेच खंड्याला आत कोंबू नका. एकदा जबरदस्ती झाली की पुढचा महिनाभर तो जवळ फिरकणार नाही. आधी वरचा अर्धा भाग काढून ठेवा आणि खालचं तसराळं ओटीवर तो झोपतो त्याच जागी मांडा. त्यात तुमच्या जुन्या लुगड्याची गोधडी घाला, धुतलेली नको, तुमच्या अंगाचा वास असलेली. त्याचं रोजचं जेवण त्यातच वाढा. चार-सहा दिवसांत तो आपणहून जाऊन पडायला लागेल. मग वरचा भाग चढवा, दार काढलेलंच राहू दे. तेही सवयीचं झालं की दार लावा, पण फक्त जेवण संपेपर्यंत. मग पाच मिनिटं, मग पंधरा, मग तुम्ही चुलीपाशी असताना अर्धा तास. तो कण्हायला लागला तर तेव्हाच दार उघडू नका. क्षणभर गप्प झाला की उघडा, नाहीतर ओरडलं की सुटका होते हे तो लगेच शिकेल. पण खरोखर घाबरून दाराला दात लावायला लागला, लाळ गाळायला लागला, तर एक पायरी मागे या. घाई करायचं कारण नाही, वेळ आहे. नवरात्र संपेपर्यंत रात्रभर दार लावून तो शांत झोपायला हवा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पिंजऱ्यासकट गाडी. ज्या गाडीने गोव्यातल्या मोपा विमानतळावर जाणार त्याच गाडीत पिंजरा मागे घट्ट बसतो का ते आत्ताच बघा, नाहीतर निघायच्या दिवशी खळ्यात कसरत होते. मग आधी मालवण बाजारापर्यंत, नंतर कुडाळपर्यंत, जमलं तर बांद्यापर्यंत एक फेरी मारून आणा. परतताना किनाऱ्यावर सोडून पळू द्या, म्हणजे गाडीचा शेवट गोड होतो हे त्याच्या डोक्यात बसेल.

पट्ट्याचीही सवय आत्तापासूनच हवी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. विमानतळावर सुरक्षा तपासणीत पिंजरा यंत्रातून जातो आणि त्या वेळी कुत्र्याला बाहेर काढावं लागतं. परक्या जागेत, ट्रॉल्यांच्या खडखडाटात, काचेच्या सरकत्या दारांसमोर खंड्या तेवढा वेळ उघड्यावर असेल. सगळ्या प्रवासात कुत्रा हातचा सुटायची भीती सर्वांत जास्त इथेच. गळ्यातला नुसता पट्टा डोकं मागे ओढलं की सुटतो. म्हणून छाती आणि पोटाभोवती बसणारा हार्नेस घ्या आणि रोज अर्धा तास घालून फिरवा. तपासणी झाली, तो आत बसला, की हार्नेस आणि दोरी काढून घ्या. पिंजऱ्यात गळ्याला दोरी किंवा तोंडाला मुसकं ठेवायचं नाही. दोरी अडकून फास बसतो आणि मुसकं असलं की धापा टाकता येत नाहीत. गळ्यात फक्त हलका पट्टा आणि त्यावर तुमचा आणि लेकीचा फोन नंबर असलेला बिल्ला ठेवा.

दवाखान्याचं काम याच आठवड्यात सुरू करा. गावाकडे रेबीजची लस शिबिरात टोचून घेतलेली असते आणि कार्ड कुणाकडेच नसतं. कार्ड नसेल तर काउंटरवर तुमचं तोंडी सांगणं चालत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पुन्हा लस टोचून घ्या आणि तारीख, लसीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही-शिक्का असलेलं कार्ड बनवून घ्या. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण होतं, पण तोवर थांबू नका. लस काही आठवडे आधीची, मुदतीतली चालते, अगदी आयत्या वेळची चालत नाही. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) घटक असलेली एकत्रित लसही त्याच वेळी विचारा. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो माणसांना सोडत नाही, तर पाणथळात हुंदडणाऱ्या कुत्र्याला कुठून सोडणार?

डॉक्टरांकडे गेलात की रक्त तपासून द्यायला सांगा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण बहुतेक कुणी ते करत नाही. पावसात आपल्याकडे गोचीड उदंड असतात आणि त्यांच्यामुळे होणारा ताप अंगात मुरलेला असला तरी कुत्रा वरून बरा दिसू शकतो. खातो, पितो, शेपूट हलवतो, पण रक्त कमी झालेलं असतं. जमिनीवर त्याचं निभावतं, पण विरळ हवेत कमी रक्ताच्या कुत्र्याला प्राणवायू पुरत नाही. घरच्या घरी बघायचं तर ओठ उचलून हिरड्या पाहा. गुलाबी असतील तर ठीक. फिकट, पांढुरक्या दिसल्या तर उद्याच दवाखाना गाठा. बोटांच्या बेचक्यात, कानांच्या आत आणि शेपटीखाली गोचीड शोधा. आत्ता सापडलं तर औषध पुरं होऊन रक्त भरून यायला वेळ आहे.

दुसरा कागद म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. कुत्रा प्रवासाला योग्य आहे असा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा दाखला, त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक आणि कुत्र्याचं वर्णन: रंग, वय, वजन, खुणा. हा प्रवासाच्या आधी मोजक्याच दिवसांतला असावा लागतो. किती, ते विमान कंपनी सांगते; दोन-तीन दिवस आधीचा घेतलात तर सहसा अडचण येत नाही. म्हणून डॉक्टर कोणत्या दिवसांत दवाखान्यात आहेत हे तिकिटाच्या तारखेआधी विचारा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलंत आणि डॉक्टर दिवाळीच्या सुट्टीवर असले तर सगळं अडून बसेल. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो ठेवा.

दिवाळीनंतर लगेच निघूच नका, असं मी सुचवेन. फटाक्यांनी कुत्रा आधीच बिथरलेला असतो आणि दिल्लीकडची हवा त्या दिवसांत धुराने भरलेली असते. डिसेंबरच्या मध्यापासून तिकडे धुकं पडतं आणि विमानं तासन् तास रखडतात. तेव्हा तुळशीची लग्नं आटोपल्यावर, धुकं पडायच्या आधी निघा. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची धरा. त्या दिवसांतही आपल्याकडे दुपारी पारा ३३-३४ अंशांवर जातो आणि हवा दमट असली की धापा टाकूनही कुत्र्याचं अंग लवकर थंड होत नाही. विमानात चढवायच्या आधी पिंजरा थोडा वेळ उघड्यावर असतो, तो वेळ भर उन्हात जायला नको.

चिपी विमानतळ घराजवळ आहे म्हणून मोह होईल. पण तिथून छोटी विमानं उडतात आणि दिल्लीला जायचं तर मध्ये विमान बदलावं लागतं. बदललं की खंड्या एकदा जास्त उतरणार, एकदा जास्त थांबणार, एकदा जास्त चढणार. मोपा किंवा गोव्यातल्याच दाबोळी विमानतळाहून थेट विमान घ्या, दोन तास जास्त रस्ता पडला तरी चालेल. आणि तिकीट काढायच्या आधी कंपनीला फोन करा, नंतर नव्हे. सगळ्या कंपन्या प्राणी नेत नाहीत. इंडिगो अपंग प्रवाशांच्या सेवा-कुत्र्याखेरीज कुणाला घेत नाही. एअर इंडिया आणि अकासा एअर घेतात. एका विमानात मोजकेच प्राणी घेतले जातात, म्हणून खंड्याची जागा पक्की झाल्याचं ईमेलवर लिहून मागा आणि मगच तुमची तिकिटं काढा. वजन पिंजऱ्यासकट धरतात. खंड्या एकोणीस आणि पिंजरा सात-आठ किलो, म्हणजे २७ च्या आसपास. सहसा ३२ किलोपर्यंत सामानासोबत जातं, त्यामुळे तुम्ही मर्यादेत आहात. पण तोवर त्याला चतुर्थीचे मोदक भरवू नका.

प्रवासाच्या दिवशी पहाटे त्याला लांब फिरवून आणा, पोट साफ होऊ द्या. उड्डाणाच्या चार-सहा तास आधी थोडी उकड्या तांदळाची पेज द्या, मासळी नको. बांगड्याची डोकी त्याला कितीही प्रिय असली तरी त्या दिवशी नाहीत. पाणी मात्र तोडायचं नाही. पिंजऱ्याच्या दाराला आतून अडकवायची वाटी मिळते. तिच्यात आदल्या रात्री पाणी घालून फ्रीजरमध्ये बर्फ करा. उचला-ठेवीत सांडत नाही आणि वितळत गेलं की तो चाटत राहतो. तळाशी लघवी शोषणारा पॅड, वर तीच गोधडी. पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत नाव, 'जिवंत प्राणी', वरची बाजू दाखवणारा बाण, तुमचा आणि लेकीचा नंबर, आणि एक ओळ हिंदीत: 'मेरा नाम खंड्या है, मैं काटता नहीं.' सामान चढवणारा माणूस नावाने हाक मारतो तेव्हा कुत्र्यालाही बरं वाटतं. गाडीवाल्याला कुत्रा आहे हे आदल्या दिवशीच सांगा. वाटेत चहाला थांबलात तर दोघांपैकी एकाने गाडीतच बसा. काचा लावलेली गाडी पाच-दहा मिनिटांत भट्टी होते. विमानतळावर तीन तास आधी पोचा. काउंटरवर पिंजऱ्यासकट वजन होईल, कागद बघतील, एका हमीपत्रावर सही घेतील. निरोप लांबवू नका. तुम्ही रडायला लागलात तर तोही घाबरेल. नेहमीच्या आवाजात "बस हां खंड्या" म्हणा आणि पुढे चला.

याच विषयावर इतरांचीही पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. पग, बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या तोंडाच्या जनावरांना पोटातून पाठवू नका. बऱ्याच कंपन्या घेतही नाहीत. वजन बसत असेल तर सोबत केबिनमध्ये न्या, नसेल तर गाडीने. मांजर केबिनमध्ये न्यायचं तर तपासणीत तिला पिशवीतून काढावं लागतं, तेव्हा हार्नेसशिवाय नेऊच नका. भेदरलेली मांजर हातातून उसळली तर विमानतळाच्या छतात शिरते. रेल्वेचा पर्याय असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की फक्त फर्स्ट क्लासमध्ये, आख्खा कूपे आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत बसतो. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत जावं लागतं. कोकण रेल्वेने मुंबईपर्यंत एक रात्र ते चालेल, दिल्लीपर्यंत त्या पेटीत मी कुठलंच कुत्रं पाठवणार नाही.

ताई, दिल्लीला उतरल्यावर खंड्या बहुधा सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर येणार नाही, मोठ्या सामानाच्या काउंटरवर हातोहात मिळेल. एकाने सरळ तिकडे जा, दुसऱ्याने बॅगा घ्या. कितीही कळवळलात तरी विमानतळावर दार उघडू नका. घरी नेऊन, खोलीचं दार लावून, मगच पिंजरा उघडा. पिंजरा पुढचे काही आठवडे त्याच खोलीत, दार काढून, तसाच राहू द्या. सगळं नवीन असताना तेवढी एकच जागा खंड्याच्या ओळखीची असेल. पहिले एक-दोन दिवस कमी खाईल, जास्त झोपेल, ते चालतं. पण दिवसभरात लघवीच झाली नाही, उलट्या थांबेनात, किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर वाट पाहू नका. पट्ट्याशिवाय निदान दोन-तीन महिने बाहेर सोडू नका. इथल्यासारखी हाक मारल्यावर परत यायची त्याची सवय तिथल्या रस्त्यावर लगेच कामाला येणार नाही. थंडीत समुद्रकाठच्या या आखूड केसांच्या कुत्र्याला अंगात घालायला काहीतरी लागेल आणि जमिनीवर नुसतं निजू देऊ नका. बाळाशी ओळख पहिल्याच दिवशी नको. आधी बाळाचं दुपटं हुंगू द्या, मग लांबून बघू द्या, आणि दोघांना एका खोलीत एकटं कधीच सोडू नका.

लेकीला आत्ताच दोन कामं सांगून ठेवा. गुरुग्राम महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करावी लागते, त्याला रेबीजचं कार्ड लागेल, तेव्हा फोटो तिला आजच पाठवा. आणि घराजवळचा, रात्रीही उघडा असणारा जनावरांचा दवाखाना शोधून त्याचा नंबर तुम्हाला कळवायला सांगा. तो नंबर पिंजऱ्यावरच्या कागदावर, तुमच्या आणि लेकीच्या नंबरांखाली लिहा.